बिशपांचे ढालचिन्ह कसे वाचावे: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कॅथेड्रलच्या दारावर, बिशपांच्या आसनामागे, त्यांच्या पत्राच्या माथ्यावर किंवा दीक्षाविधीच्या पुस्तिकेवर एक ठरावीक घडणीचे चित्र आढळते. मध्ये ढाल, वर रुंद काठाची हिरवी टोपी, टोपीच्या दोन्ही बाजूंनी खाली सोडलेले गोंडे, ढालीमागून डोकावणारा क्रूस आणि तळाशी फितीवर लिहिलेले दोन-चार शब्द. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही नुसती सजावट वाटते. वास्तविक त्यातील काही गोष्टी नियमाने बांधलेल्या असतात आणि काही त्या बिशपांनी स्वतः निवडलेल्या असतात. ढालीबाहेर जे असते ते पदाविषयी बोलते आणि ढालीच्या आत जे असते ते त्या पदावरील व्यक्तीविषयी किंवा तिच्याकडे सोपवलेल्या धर्मप्रांताविषयी, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशाविषयी, बोलते. हा भेद मनात ठेवूनच पुढच्या पायऱ्या चढाव्यात.

एका शब्दाचा खुलासा आधी करायला हवा. ‘कोट ऑफ आर्म्स’ला मराठीत ‘कुलचिन्ह’ म्हणण्याची पद्धत आहे, पण कॅथलिक बिशप अविवाहित असतात आणि त्यांचे चिन्ह वारशाने कोणाकडे जात नाही. म्हणून या लेखात ‘ढालचिन्ह’ हा सुटसुटीत शब्द वापरला आहे आणि या चिन्हांच्या शास्त्राला प्रचलित ‘हेराल्ड्री’ हेच नाव ठेवले आहे.

पहिली पायरी: डावे-उजवे उलटे धरा

हेराल्ड्रीत ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल हातात धरलेल्या माणसाची उजवी बाजू, अर्थात आपल्यासारख्या समोरून पाहणाऱ्याची डावी. ही बाजू मानाची समजली जाते. ढालीवर दोन गोष्टी शेजारी शेजारी असतील, तर त्यांपैकी अधिक मानाची गोष्ट पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला असते. पुस्तकातील वर्णन आणि समोरचे चित्र जुळत नाही म्हणून गोंधळलेल्या बहुतेक नवशिक्यांचा गोंधळ एवढ्या एका सवयीने मिटतो.

दुसरी पायरी: टोपीचा रंग पाहा, मग गोंडे मोजा

ढालचिन्हांची प्रथा बाराव्या शतकात पश्चिम युरोपातील सरदारांमध्ये रुजली. त्यांच्या ढालीवर शिरस्त्राण असे. बिशपांनी ढाल स्वीकारली ती मुख्यतः मोहरांच्या, म्हणजे शिक्क्यांच्या, मार्गाने, कारण दस्तऐवजावर उमटवायला त्यांनाही ओळखीची खूण लागत होती. मात्र धर्मसेवकाने शस्त्र धरू नये असा दंडक असल्यामुळे शिरस्त्राण त्यांना शोभणारे नव्हते. कालांतराने ती जागा गॅलेरो नावाच्या टोपीने घेतली. पोप चौथे इनोसंट यांनी १२४५ साली लिऑन येथील धर्मपरिषदेच्या वेळी कार्डिनलांना, म्हणजे पोपची निवड करणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना, लाल टोपी बहाल केली आणि पुढे तोच आकार रंग बदलत इतर पदांकडे उतरला. समारंभात प्रत्यक्ष टोपी देण्याची प्रथा १९६९ मध्ये बंद झाली. कागदावर आणि दगडावर मात्र ती टिकून आहे.

आजच्या कॅथलिक प्रथेनुसार बिशपांची टोपी हिरवी असते आणि तिला प्रत्येक बाजूला सहा गोंडे असतात: वरच्या ओळीत एक, मधल्या ओळीत दोन, खालच्या ओळीत तीन. आर्चबिशपांची टोपीही हिरवीच, पण गोंड्यांची चौथी ओळ वाढून प्रत्येक बाजूला दहा होतात. कार्डिनलांची टोपी लाल, ओळी पाच आणि गोंडे प्रत्येक बाजूला पंधरा. पंधरा गोंडे आणि हिरवी टोपी असेल तर ते चिन्ह पॅट्रिआर्कांचे, म्हणजे व्हेनिससारख्या काही मानाच्या पीठांच्या प्रमुखांचे.

येथे क्रमाला महत्त्व आहे. रंग न पाहता केवळ गोंडे मोजणारा हमखास फसतो. मठाधिपतींच्या टोपीलाही प्रत्येक बाजूला सहाच गोंडे असतात, पण त्यांची टोपी काळी असते. पोपकडून मानाची पदवी मिळालेल्या काही धर्मगुरूंच्या टोपीलाही सहाच असतात, पण तिथे जांभळा रंग दिसतो. म्हणून आधी रंग आणि मग संख्या. जुन्या वास्तूंच्या बाबतीत आणखी सावध राहावे. कार्डिनलांच्या गोंड्यांची पंधरा ही संख्या १८३२ साली पक्की झाली, त्यापूर्वी कारागिरांनी जागेनुसार गोंडे कमी-जास्त केलेले दिसतात. सतराव्या शतकातील समाधीवर आजचा हिशेब लावून कोणाचे पद ठरवू नये.

तिसरी पायरी: ढालीमागचा क्रूस, आणि जे नाही तेही

ढालीमागे उभा असलेला क्रूस हा मिरवणुकीत पुढे नेला जाणारा क्रूस आहे. त्याला एकच आडवी दांडी असेल तर बिशप, एकाखाली एक अशा दोन असतील तर आर्चबिशप. टोपी झिजली असेल किंवा छायाचित्रात गोंडे नीट दिसत नसतील, तर हीच खूण कामाला येते. ढालीसोबत काळे क्रूस असलेली पांढऱ्या लोकरीची पट्टी काढलेली असेल, तर ती पॅलियम होय. ती महाप्रांताचे, म्हणजे धर्मप्रांतांच्या गटाचे, प्रमुख असलेल्या आर्चबिशपांना मिळते.

बिशपांचा उंच दुटोकी शिरोमुकुट, म्हणजे मायटर, आणि मेंढपाळाच्या काठीसारखा वाकडा धर्मदंड या दोन वस्तू लोकांना सर्वांत ओळखीच्या असतात, पण आजच्या कॅथलिक ढालचिन्हात त्या सहसा सापडत नाहीत. व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयाने ३१ मार्च १९६९ रोजी काढलेल्या निर्देशाने बिशप आणि कार्डिनल यांच्या चिन्हांतून त्या वगळल्या, कारण टोपी आणि क्रूस पद सांगायला पुरेसे होते. उमरावी मुकुट तर त्याआधीच, १९५१ मध्ये, निषिद्ध ठरले होते. त्यामुळे हिरव्या टोपीखाली मायटर आणि दंडही दिसले, तर चिन्ह जुने असावे किंवा चित्रकाराने जुन्याची नक्कल केली असावी, असा पहिला तर्क करावा.

हे सर्व रोमच्या पंथाचे झाले. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, बिशपांच्या ढालीवर साधारणपणे टोपी नसून मायटरच असतो आणि त्याच्याकडे पाहूनच पद ओळखायचे असते. तिथला सर्वांत लक्षवेधी अपवाद डरहॅमचा आहे. त्या बिशपांच्या मायटरला खाली सरदारी मुकुटाचे कडे असते आणि ढालीमागे धर्मदंडासोबत तलवार तिरपी ठेवलेली असते. डरहॅमच्या बिशपांकडे १८३६ पर्यंत राजासारखे दिवाणी अधिकार होते, त्याची ही आठवण. अधिकार गेले, तलवार राहिली.

चौथी पायरी: ढाल किती भागांत वाटली आहे

आता आत यावे. ढाल अखंड असेल तर ती बहुधा बिशपांची वैयक्तिक असते. मधोमध उभी दुभागली असेल, तर पाहणाऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागात धर्मप्रांताचे चिन्ह आणि उजव्या अर्ध्या भागात बिशपांचे स्वतःचे, अशी मांडणी असण्याचा संभव मोठा आहे. इंग्लंड आणि अमेरिकेत ही पद्धत रूढ आहे. याच रीतीने पूर्वी पती-पत्नींची कुलचिन्हे एका ढालीवर मांडली जात, पतीचे मानाच्या बाजूला. बिशपांचा जणू आपल्या धर्मप्रांताशी विवाह झालेला असतो, ही कल्पना त्यामागे सांगितली जाते, आणि या जोडीत मानाची बाजू बिशपांकडे नसून धर्मप्रांताकडे असते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बिशपांची बदली झाली की डावा अर्धा भाग बदलतो आणि उजवा त्यांच्यासोबत जातो. त्यामुळे एकाच व्यक्तीची दोन वेगळी ढालचिन्हे सापडली तर त्यांत विसंगती मानू नये.

धर्मप्रांतांची चिन्हे बहुधा तिथल्या संतांवरून किंवा पदावरून आलेली असतात. लंडनच्या धर्मप्रांताच्या लाल ढालीवर दोन तलवारी एकमेकींना छेदतात, कारण तिथले कॅथेड्रल संत पॉल यांच्या नावाचे आहे आणि त्यांचा शिरच्छेद तलवारीने झाला अशी परंपरा आहे. यॉर्कच्या ढालीवर संत पीटर यांच्या किल्ल्या आहेत, तर कँटरबरीच्या निळ्या ढालीवर खुद्द पॅलियमच काढलेला आहे.

ढालीचा वरचा आडवा पट्टा स्वतंत्र रंगाचा असेल, तर तिथे संस्थेची किंवा पदाची खूण असू शकते. पोप तेविसावे जॉन त्यापूर्वी व्हेनिसचे पॅट्रिआर्क होते. त्यांच्या ढालीच्या माथ्यावरचा पंखांचा सिंह हा संत मार्क यांचा, म्हणजेच व्हेनिसचा, आणि खालचा बुरूज त्यांच्या स्वतःच्या चिन्हातला.

पाचवी पायरी: रंग

हेराल्ड्रीतील रंगांचे दोन गट आहेत. सोनेरी आणि रुपेरी हे धातू, लाल, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा हे रंग. चित्रात सोनेरीऐवजी पिवळा आणि रुपेरीऐवजी पांढरा वापरला तरी अर्थ तोच राहतो. मुख्य नियम असा, की धातूवर धातू आणि रंगावर रंग ठेवू नये. नियमामागचे कारण अगदी व्यावहारिक आहे: दुरून चिन्ह स्पष्ट दिसावे. निळ्यावर काळे किंवा पांढऱ्यावर पिवळे दुरून विरून जाते. वस्तू तिच्या नैसर्गिक रंगात काढली असेल तर हा नियम शिथिल होतो. जेरुसलेमच्या राज्याच्या ढालीवर मात्र रुपेरी पृष्ठभागावर सोनेरी क्रूस आहेत आणि नियम मुद्दाम मोडल्याचे ते सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणून सांगितले जाते.

लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, हिरवा म्हणजे आशा अशा याद्या बऱ्याच ठिकाणी छापलेल्या मिळतात. त्यांच्यावर भिस्त ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या बिशपांनी निळा रंग येशूची आई मरिया हिच्यासाठी निवडला असेल, दुसऱ्यांनी समुद्रासाठी, आणि तिसऱ्यांच्या घराण्याच्या ढालीत तो पूर्वीपासूनच असेल. त्या रंगाला त्या ढालीवर काय अर्थ आहे, हे ती ढाल निवडणाराच सांगू शकतो.

चिन्ह काळ्या-पांढऱ्यात छापलेले किंवा धातूत कोरलेले असेल, तरीही रंग वाचता येतात. सिल्वेस्त्रो पिएत्रा सांता या जेझुइट धर्मगुरूंनी १६३८ साली प्रसिद्ध केलेली रेषांची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. बारीक ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी, उभ्या रेषा लाल, आडव्या रेषा निळ्या, उभ्या-आडव्या रेषांची जाळी काळी. पाहणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेषा हिरव्या आणि त्याच्या उलट दिशेच्या जांभळ्या. या पद्धतीची ओळख एकदा डोळ्याला झाली की पितळी पाट्या आणि मोहरा एकदम बोलक्या होतात.

सहावी पायरी: आकृत्यांचा अर्थ लावताना

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. काही आकृत्या जवळजवळ सर्वत्र एकाच अर्थाने येतात. किल्ल्या संत पीटर यांच्या, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात (१६:१९) येशू त्यांना स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देण्याचे वचन देतो. जहाजाचा नांगर हा आशेचा. ध्वज धरलेले कोकरू म्हणजे ख्रिस्त. चोचीने स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा पेलिकन म्हणजेही ख्रिस्तच, ही कल्पना मध्ययुगीन प्राणिकथांतून आली. चार शुभवर्तमानकारांसाठी पंखांचा मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड, अनुक्रमे मत्तय, मार्क, लूक आणि योहान. गव्हाची कणसे आणि द्राक्षे बहुधा पवित्र मिस्साबलिदानाकडे, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या उपासनाविधीकडे, निर्देश करतात.

पण इथेच थांबले तर अर्थ चुकतो. पोप फ्रान्सिस यांची ढाल हा त्याचा चांगला धडा आहे. निळ्या पृष्ठभागावर मध्ये जेझुइट संघाचा सूर्य आणि त्याच्या तळाशी एका बाजूला तारा व दुसऱ्या बाजूला घोसासारखी आकृती. अनेकांनी त्या घोसाला द्राक्षे समजून लगेच मिस्साबलिदानाचा अर्थ लावला. वस्तुतः ती जटामांसी जातीच्या सुगंधी वनस्पतीची डहाळी आहे आणि स्पॅनिश भाषक जगातील चित्रपरंपरेत संत जोसेफ यांच्या हाती ती दिसते. म्हणजे ताऱ्यातून मरिया आणि डहाळीतून जोसेफ असे ते जोडपे होते. ही ढाल ते बिशप असल्यापासून वापरत होते. बाहेरचा पाहणारा आणि ती परंपरा जाणणारा एकाच आकृतीकडे पाहून दोन वेगळ्या गोष्टी वाचतो.

म्हणून आकृती दिसताच कोशाकडे धावू नये. आधी काही प्रश्न विचारावेत. हे बिशप कोणत्या धर्मसंघाचे आहेत? फ्रान्सिस्कन असतील तर क्रूसापुढे एकमेकांवर ठेवलेले दोन हात असण्याची शक्यता मोठी, एक उघडा ख्रिस्ताचा आणि एक बाहीतला संत फ्रान्सिस यांचा. डोमिनिकन असतील तर काळ्या-पांढऱ्याची जोडी शोधावी. कार्मेल संघाचे असतील तर डोंगर आणि तीन तारे. मग नावाकडे पाहावे. नावावर श्लेष करणाऱ्या ढाली हेराल्ड्रीत मुबलक आहेत आणि त्यांत थट्टा नसते. पोप सहावे पॉल यांचे आडनाव मोंतिनी, आणि त्यांच्या ढालीवर डोंगर आहे, कारण इटालियन भाषेत ‘मोंते’ म्हणजे डोंगर. तिथे डोंगराला सीनाय किंवा कार्मेल समजून केलेले आध्यात्मिक विवेचन वाया जाते.

त्यानंतर जन्मगाव आणि आधीची सेवास्थाने तपासावीत. योसेफ रात्सिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) १९७७ मध्ये म्युनिक आणि फ्रायझिंगचे आर्चबिशप झाले तेव्हा त्यांनी निवडलेल्या आकृत्यांत मुकुटधारी मूराचे, म्हणजे आफ्रिकी माणसाचे, शिर होते, जे फ्रायझिंगच्या बिशपांच्या चिन्हात अनेक शतके वापरात होते, आणि पाठीवर गाठोडे बांधलेले अस्वल होते. संत कोर्बिनियन रोमला जात असताना अस्वलाने त्यांचे ओझ्याचे जनावर मारले, तेव्हा त्यांनी तेच ओझे अस्वलाच्या पाठीवर लादून त्याला रोमपर्यंत नेले, अशी ही दंतकथा आहे. तिसरी आकृती शिंपला. शिंपला साधारणतः संत जेम्स यांच्या यात्रेकरूंचा मानला जातो, पण रात्सिंगर यांच्या बाबतीत त्यात संत ऑगस्टीन यांची कथाही आहे: समुद्राचे पाणी शिंपल्याने वाळूतल्या खड्ड्यात भरू पाहणारे मूल, आणि त्याला पाहून देवाचे गूढ बुद्धीत मावणार नाही हे उमगलेले ऑगस्टीन. तीनही आकृत्या २००५ मध्ये ते पोप झाल्यावर नव्या मांडणीत सोबत आल्या. अस्वल मात्र कथेप्रमाणे रोमहून परतले, आणि ज्यांनी ते निवडले त्यांना तिथेच राहावे लागले, हे त्या चिन्हाचे वाचक नेहमी नोंदवतात.

सातवी पायरी: फितीवरील शब्द

बोधवाक्य सक्तीचे नसते, पण बहुतेक बिशप ते घेतात आणि बहुधा लॅटिनमध्ये. ते कुठून घेतले आहे हे शोधल्याशिवाय त्याचा अर्थ अर्धाच कळतो. पोप दुसरे जॉन पॉल यांचे ‘तोतुस तुउस’, म्हणजे ‘सर्वस्वी तुझा’, हे शब्द लुई द माँफोर यांच्या मरियाभक्तीतून आले. ‘तुझा’ म्हणजे कोणाचा हे ढालीवरचे ‘एम’ अक्षर सांगते, जे क्रूसाखाली उभ्या असलेल्या मरियेचे आहे आणि ज्याला जागा मिळावी म्हणून क्रूस मध्यापासून सरकवला आहे. म्हणजे वाक्य आणि आकृती एकमेकींना पूर्ण करतात. पोप फ्रान्सिस यांचे ‘मिसेरांदो आत्क्वे एलिगेंदो’ हे संत बीड यांच्या, मत्तयाच्या पाचारणावरील प्रवचनातले शब्द. ख्रिस्ताने मत्तयाकडे करुणेने पाहिले आणि त्याला निवडले, असा त्यांचा आशय. संत मत्तय यांच्या सणादिवशीच, १९५३ मध्ये, फ्रान्सिस यांना आपल्या पाचारणाची जाणीव झाली होती. कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांच्याकडेही पाहावे, जरी ते बिशप कधीच नव्हते. त्यांचे १८७९ सालचे बोधवाक्य ‘कोर आद कोर लोक्वितुर’, ‘हृदय हृदयाशी बोलते’, आणि त्यांच्या घराण्याच्या ढालीवर आधीच तीन हृदये होती. जुन्या ढालीतून नवा अर्थ काढण्याचे इतके सहज उदाहरण क्वचितच मिळते.

आठवी पायरी: पाहिलेले शब्दांत मांडा

हेराल्ड्रीत खरे चिन्ह म्हणजे चित्र नव्हे, तर त्याचे शब्दांतील वर्णन. एकाच वर्णनावरून दोन कलाकार दोन वेगळ्या शैलींचे सिंह काढतील आणि दोन्ही बरोबर ठरतील. म्हणून वाचन पूर्ण झाले की वहीत वर्णन लिहावे. क्रम ठरलेला आहे: आधी ढालीची विभागणी व पृष्ठभागाचा रंग, मग मुख्य आकृती व तिचा रंग, मग दुय्यम आकृत्या, त्यानंतर टोपी, गोंडे आणि क्रूस, शेवटी बोधवाक्य. वर्णनात अर्थ मिसळू नये. ‘मरियेचे निळे आकाश’ असे न लिहिता ‘निळा पृष्ठभाग’ एवढेच लिहावे आणि अर्थासाठी खाली वेगळा परिच्छेद ठेवावा. नंतर नवी माहिती मिळाली तर अर्थाचा परिच्छेद बदलेल, वर्णन बदलणार नाही.

सरावासाठी पोप चौदावे लिओ यांची ढाल घ्यावी, कारण तिची बाह्यांगे अलीकडच्या काळात भराभर बदलली. वर्णन असे होईल: ढाल तिरपी दुभागलेली, वरच्या भागात निळ्या पृष्ठभागावर पांढरे लिलीचे फूल, खालच्या भागात फिकट पृष्ठभागावर बंद पुस्तक आणि त्यावर बाणाने विद्ध हृदय, बोधवाक्य ‘इन इल्लो उनो उनुम’. अर्थाच्या परिच्छेदात लिहावे की लिली मरियेची आहे, हृदय आणि पुस्तक ऑगस्टिनियन संघाचे, आणि ‘त्या एकात आपण एक’ हा आशय ऑगस्टीन यांच्या स्तोत्रावरील विवेचनातून घेतलेला आहे. मग बाह्यांगे नोंदवावीत. पेरूतील चिक्लायो येथे बिशप असताना या पदाला हिरवी टोपी आणि प्रत्येक बाजूला सहा गोंडे येतात. २०२३ मध्ये रोमला आर्चबिशप म्हणून आल्यावर दहा, त्याच वर्षी कार्डिनल झाल्यावर लाल टोपी आणि पंधरा. मे २०२५ मध्ये पोप झाल्यावर टोपी गेली आणि तिच्या जागी मायटर आला, ढालीमागे सोनेरी आणि रुपेरी अशा दोन किल्ल्या आल्या. लिलीचे फूल आणि विद्ध हृदय मात्र या सर्व काळात तेच राहिले.